सर्वसाधारण सभेपूर्वीची तयारी: जिल्हा परिषदेच्या नव्या सदस्यांसाठी

जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत मी पाच वर्षे बसले आणि त्यातील एका सभेत माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे माझ्या गटातील एका वस्तीशाळेची मुले दोन पावसाळे मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात शिकली. मार्च 2022 मध्ये राज्यातील बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत संपून तेथे प्रशासक आले, त्यामुळे नव्याने निवडून येणाऱ्यांना सभा कशी चालते हे शेजारी बसून सांगणारे जुने सदस्य मिळतीलच असे नाही. म्हणून ही यादी लिहीत आहे.

सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण 15 दिवस आणि विशेष सभेची 10 दिवस आधी काढावी लागते. हे दिवस तयारीचे आहेत. लखोटा घरी टेबलावर ठेवून लग्नकार्यांना फिरण्याचे नाहीत. विषयपत्रिकेतला विषय क्रमांक एक ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. लखोटा फोडल्यावर सर्वांत आधी हे इतिवृत्त बाहेर काढावे आणि त्याच दिवशी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. ते सोबत जोडलेले नसेल, तर सामान्य प्रशासन विभागाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी, जे सभेचे सचिव असतात, त्यांच्याकडे लेखी मागणी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कोणाच्या लक्षात राहत नाही.

माझ्या बाबतीत घडले ते असे. त्या शाळेच्या दोन खोल्या धोकादायक झाल्या होत्या. भिंतीला गेलेल्या भेगेत माझी चार बोटे सहज जात होती. जुन्या खोल्यांचे निर्लेखन, म्हणजे त्या वापरातून बाद करून नोंदीतून अधिकृतपणे कमी करणे, झाल्याशिवाय त्या पाडता येत नाहीत आणि त्या पाडल्याशिवाय तेथे नव्या बांधता येत नाहीत, म्हणून मी निर्लेखनाचा विषय मांडला, एका ज्येष्ठ सदस्यांनी अनुमोदन दिले, सभागृहाने बाके वाजवली आणि मी निश्चिंत झाले. पुढच्या सभेत विषय क्रमांक एक पुकारताच चारही बाजूंनी "मंजूर, मंजूर" असा आवाज आला आणि त्यात माझाही होता. चार महिन्यांनी शिक्षण विभागात चौकशीला गेले तेव्हा लिपिकाने इतिवृत्ताचे पान माझ्यासमोर ठेवले. त्यावर एवढेच होते: "सदर विषयावर सविस्तर चर्चा करण्यात आली." ठराव क्रमांक नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. कायम झालेल्या इतिवृत्तात जे नाही ते सभेत झालेच नाही, असे कार्यालय धरून चालते, आणि त्यांना दोष देण्याचा हक्क मी त्या "मंजूर" बरोबर गमावला होता. विषय पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला.

तेव्हा इतिवृत्त वाचताना आपल्या प्रत्येक विषयापुढे ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, गावाचे बरोबर नाव, रक्कम आणि लेखाशीर्ष (खर्च ज्या खात्यावर टाकायचा ते) आहे का, हे आपल्या वहीतील नोंदीशी ताडून पाहावे. त्यासाठी सभेत वही लागते, हे वेगळे सांगायला नको. "चर्चा झाली", "नोंद घेण्यात आली", "तपासून योग्य ती कार्यवाही करावी" ही वाक्ये दिसली की थांबावे, कारण त्यांतून एक रुपयाही मंजूर होत नाही. दुरुस्ती लेखी द्यावी, सभेच्या आधी द्यावी, आणि तिचीही पोच घ्यावी.

त्यानंतर अनुपालन अहवाल. मागच्या सभेत अधिकाऱ्यांना जी कामे सांगितली त्यांचे काय झाले, ते यात असते. "कार्यवाही सुरू आहे" हे उत्तर सलग दुसऱ्यांदा आले असेल तर त्यावर खूण करून तारीख मागावी.

प्रश्न विचारण्यापूर्वी काम कोणाचे आहे ते पाहावे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. रस्त्याचा क्रमांक न पाहता खड्ड्यांवर वीस मिनिटे बोलल्यावर "हा रस्ता आमच्याकडे नाही" एवढ्या उत्तरावर खाली बसलेले सदस्य मी पाहिले आहेत. आरोग्याची मागणी निकषावर मांडावी: प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सपाट भागात 30,000 आणि आदिवासी किंवा डोंगरी भागात 20,000 लोकसंख्या, उपकेंद्रासाठी अनुक्रमे 5,000 आणि 3,000. भावनेने केलेल्या भाषणाला टाळ्या पडतात, पण प्रस्ताव आकड्यांवरच पुढे सरकतो. बांधकाम हवे असेल तर जागेचा सातबारा किंवा बक्षीसपत्र आधी मिळवावे.

अंदाजपत्रकाची सभा वेगळी तयारी मागते. जिल्हा परिषदेला आपले अंदाजपत्रक 27 मार्चपूर्वी मंजूर करावे लागते, म्हणून फेब्रुवारीतच अर्थ समितीच्या सदस्यांशी बोलून घ्यावे. सभेत पुस्तक हाती पडल्यावर काही बदलत नाही. स्वउत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी 20 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के रक्कम ठेवावी लागते. ती ठेवली आहे का, एवढे पाहून समाधान मानू नये. गेल्या वर्षी त्यातली किती खर्च झाली हे विचारावे, कारण ठेवलेली रक्कम शिलाई यंत्रे आणि सायकलींच्या निविदेत अडकून वर्ष सरते. दायित्वाचा रकाना पाहावा. जुन्या कामांची देणी मोठी असतील तर नव्या कामांना प्रत्यक्षात फारसे काही उरत नाही. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी खर्च करायला जिल्हा परिषदेला दोन वर्षे मिळतात आणि अखर्चित रक्कम परत जाते. इतिवृत्तात ठराव चुकला तर यातील एक वर्ष तेथेच संपते, म्हणून पुन्हा सांगते: इतिवृत्त वाचावे.

आपल्या तालुक्याच्या पंचायत समितीचे सभापती पदसिद्ध सदस्य म्हणून सभेत असतात. त्यांच्याशी आदल्या आठवड्यात बोलावे. अनुमोदक आधी ठरवावा आणि तो उपस्थित राहील याची खात्री करावी.

सभेच्या दिवशी वेळेवर जावे. गणपूर्ती एक तृतीयांश सदस्यांची असते. विषय क्रमांक एक पुकारण्यापूर्वीच दुरुस्तीचा कागद हातात घेऊन उभे राहावे, कारण "मंजूर"चा आवाज उठायला दोन क्षणही लागत नाहीत आणि त्यानंतर कोणी ऐकत नाही. ऐनवेळच्या विषयांपर्यंत सभागृह सोडू नये. आपला ठराव झाला की तो मोठ्याने वाचून दाखवायला सचिवांना सांगावे.

सभेनंतर आठवडाभरात ठरावाची प्रमाणित प्रत मागावी, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि कार्यारंभ आदेश या क्रमाने पाठपुरावा करावा. पुढची नोटीस आली की लखोटा त्याच दिवशी फोडावा आणि आधी इतिवृत्त काढावे.