लॉ सीईटी आणि पुढची वकिलीची सनद : वर्ष वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

लॉ सीईटीचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या एलएलबी प्रवेश परीक्षेचा पेपर तसा घाबरण्यासारखा नाही. 2025 च्या आराखड्यात 120 प्रश्न, दोन तास आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. तरीही चांगल्या गुणांची मुलं प्रवेशाच्या वेळी अडकतात, आणि कारण बहुतेकदा पेपराबाहेरचंच निघतं.

पात्रता
तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीत 45 टक्के लागतात, हे सगळ्यांना पाठ असतं. (ओबीसींना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40.) नजरेतून सुटते ती पदवीआधी बारावी झालेली असण्याची अट. मुक्त विद्यापीठातून पूर्वतयारी करून, बारावी न होता थेट बीए झालेला उमेदवार बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत बसत नाही. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण मधली पायरी गाळलेली चालत नाही.

नॉन-क्रीमी लेयर
सर्वात जास्त घोळ इथे होतो. सीईटीचा फॉर्म भरताना जुना दाखला चालू दिसतो. तो 31 मार्चला संपतो आणि कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) कागदपत्र पडताळणीत बाद ठरतो, कारण तिथे पुढच्या 31 मार्चपर्यंतची मुदत लागते. मग ओबीसी उमेदवार ओपनमध्ये धरला जातो. एप्रिल लागला की आधी तहसीलचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला काढा, मग नॉन-क्रीमी लेयरचा अर्ज टाका. जूनमध्ये सेतू केंद्रावर दहावी-बारावीवाल्यांची रांग असते. जात पडताळणीचं कामही सीईटीच्या निकालाची वाट न बघता सुरू करा.

अभ्यास
पेपर मराठीतही असतो, पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच सोडवावा लागतो. तीन वर्षांच्या सीईटीत त्याला 120 पैकी 40 गुण आहेत. मराठी माध्यमातली मुलं कायद्याच्या व्याख्या घोकत बसतात आणि हा तिसरा हिस्सा तसाच सोडतात.

दुसरी चूक म्हणजे सीनियरकडून आलेली जुनी पुस्तकं. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाची शिक्षा आता कलम 103 मध्ये आहे, फसवणूक 318 मध्ये. नव्या संहितेतलं 302 धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे, म्हणजे खुनासाठी घोकलेला जुना आकडा सरळ चुकीच्या पर्यायाकडे नेतो.

लीगल रीझनिंगमध्ये नियम प्रश्नातच दिलेला असतो. समजा, नियम असा : ‘परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत जाणं म्हणजे अतिक्रमण, हेतू काहीही असो.’ आणि घटना अशी : शेजाऱ्याच्या परसात पडलेला स्वतःचा चेंडू आणायला कोणी न विचारता कुंपण ओलांडतो. ‘त्यात काय एवढं’ असं मनात आलं की गुण गेला. दिलेल्या नियमाने ते अतिक्रमणच आहे.

सीईटीत एकही प्रश्न रिकामा सोडू नका. क्लॅटला (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेला) मात्र चुकीच्या उत्तरामागे 0.25 गुण कापला जातो, तिथे ही सवय महागात पडते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतली बीए एलएलबी क्लॅटमधून मिळते. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचं आयएलएस हवं असेल तर सीईटी द्यावी लागते.

पदवीनंतर
एलएलबी झाल्यावर ‘आधी न्यायाधीशपदाची तयारी, सनद नंतर बघू’ हा हिशेब आता बसत नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, आणि ती वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात. एआयबीईच्या (अखिल भारतीय बार परीक्षेच्या) निकालासाठी थांबायची गरज नाही. एलएलबीचा अंतिम निकाल लागताच महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालानंतर नोंदणी शुल्क सर्वसाधारण गटाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये आहे.