ब्राउन बेल्टपासूनच शिकवायला शिका

कराटेतली बेल्टची पद्धत ज्यूदोच्या जिगोरो कानो यांच्याकडून आली. शोतोकान या कराटेशैलीचे जनक गिचिन फुनाकोशींनी १९२४ मध्ये पहिले ब्लॅक बेल्ट दिले. बेल्टवरून विद्यार्थ्याची तयारी कळते. त्याला शिकवता येतं का, ते कळत नाही. जपान कराटे असोसिएशनमध्येही दान (ब्लॅक बेल्टची श्रेणी) आणि प्रशिक्षकाचा परवाना वेगवेगळे मिळतात. म्हणून शोतोकानमध्ये ब्लॅकच्या आधीच्या ब्राउन बेल्टवर आलात की सरांकडे व्हाइट बेल्टची, म्हणजे नवशिक्यांची, एक रांग मागून घ्या. शोदानची, म्हणजे पहिल्या ब्लॅक बेल्टची, वाट बघू नका.

सुरुवातीला नुसतं बघा. झेनकुत्सु-दाची, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहायच्या स्टान्समधल्या चुका एका बाजूने सगळ्या दिसत नाहीत. बाजूला उभं राहिलं की पुढचा गुडघा पुरेसा वाकलाय का आणि मागची टाच उचलली जातेय का, ते कळतं. दोन पावलांमध्ये खांद्याएवढी रुंदी आहे का, हे समोरूनच दिसतं. नवीन मुलं दोन्ही पावलं एका रेषेत ठेवतात आणि ब्लॉक करताना डगमगतात. तेव्हा हाताबद्दल काहीही बोलू नका, आधी पाय सरकवून घ्या. एका वेळी एकच चूक सांगायची. तीन सांगितल्या तर एकही सुधारत नाही.

मोजण्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ‘इच, नी, सान’ (एक, दोन, तीन) भराभर म्हटलं की मागचा हात कमरेपर्यंत येतच नाही, आणि तीच सवय लागते. रांगेतल्या सर्वात हळू मुलाचा पंच पूर्ण झाला की मगच पुढचा आकडा.

वर्गाकडे तोंड करून दाखवताना ‘डावा पाय’ म्हणायचं आणि स्वतःचा उजवा टाकायचा. हे घरी आरशासमोर पक्कं करूनच वर्गात या. वळणं मात्र वर्गाकडे पाठ फिरवूनच दाखवा.

हेयान शोदान या सुरुवातीच्या कातामध्ये (ठरलेल्या हालचालींचा क्रम) २१ हालचाली आणि ९ व्या व १७ व्या हालचालीवर किआई (जोराची आरोळी). पहिल्या दिवशी नवव्यापर्यंतच शिकवा. त्यानंतरचं डावीकडून २७० अंशांचं वळण सगळ्यात जास्त बिघडतं: मागून फिरणारा डावा पाय पुरेसा बाजूला जात नाही, स्टान्स अरुंद होतो आणि तोल जातो. त्यात उजवं पाऊल जमिनीला चिकटलेलं राहिलं तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. हे वळण हात कमरेवर ठेवून, फक्त पायांनी, दहा वेळा करून घ्या. मगच गेदान-बाराई (खालच्या बाजूचा ब्लॉक) जोडा.

तासभराच्या वर्गात साधारण १० मिनिटं वॉर्मअप, २० किहोन (मूलभूत तंत्रं), १५ काता, १० कुमिते (जोडीदाराबरोबरचा सराव), उरलेली स्ट्रेचिंगला. लहान मुलांचं किहोन पाच-पाच मिनिटांत तोडा, नाहीतर लक्ष उडतं. हवेत पंच मारताना कोपर झटक्याने पूर्ण ताणू देऊ नका, सांधा दुखावतो. वाढत्या वयात माकिवारा (पंच मारायची फळी) आणि नकल पुशअप्स (मुठींवरचे) नकोत; हाडं अजून पक्की झालेली नसतात. गोहोन कुमितेत (पाच पावलांच्या कुमितेत) पंच चेहऱ्यापासून मूठभर अंतरावर थांबलाच पाहिजे. न थांबवणाऱ्याला पुन्हा किहोनच्या रांगेत पाठवा, तो कितीही चांगला असला तरी. विद्यार्थ्याला हात लावून सुधारायचं असेल तर आधी विचारा, मुलांच्या पालकांनाही कल्पना द्या.

शिकवायला लागल्यावर स्वतःचा सराव पहिल्यांदा सुटतो. दिवसभर मोजून, दाखवून घाम येतो, पण पूर्ण ताकदीची एकही माए-गेरी (समोरची किक) झालेली नसते. आठवड्यातले निदान दोन वर्ग सरांच्या समोर, विद्यार्थी म्हणून रांगेत उभं राहून करा.