मोरा-रेवसमार्गे अलिबाग: आधी तिथी, मग लाँच

मुंबईच्या गेटवेहून सुटणारी मांडव्याची थेट बोट सोडून भाऊचा धक्का, मोरा, उरण, करंजा, रेवस, अलिबाग असं रमतगमत जायचं असेल, तर घड्याळाआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. मोरा आणि रेवस, दोन्ही जेट्टींपाशी गाळ साचतो. पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागत नाही, आणि मग फेरी पुढे ढकलली जाते किंवा सरळ रद्द होते.

हिशेब कोळीवाड्यातला, सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, फरक नाही. त्रयोदशीला 13 ची पाऊणपट पावणेदहा. त्यात सव्वासहा तास मिळवा, चारच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे धरायचा. पंचमीला हाच हिशेब पावणेचारची भरती देतो, म्हणजे सकाळी दहाला मोऱ्यात चिखल.

या फेरीला द्वादशी ते चतुर्दशी सगळ्यात सोयीची. सकाळी दोन्ही जेट्टींना पाणी मिळतं आणि दुपारी अलिबागला समुद्र मागे सरून कुलाबा किल्ल्याची वाट मोकळी होते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, त्यामुळे किल्ल्याची वाट नीट उघडी पडत नाही.

हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरा, तिथून धक्का चालत वीसेक मिनिटांवर. साडेसात-आठची लाँच धरा, मोरा पाऊण ते एक तासावर आहे. सुटे पैसे जवळ ठेवा. ज्यांना बोट लागते त्यांनी इंजिनाच्या डिझेलच्या वासापासून लांब, पण लाँचच्या मध्याच्या जवळ बसावं, कारण नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, हेलकावे जास्त. डाव्या हाताला आधी बुचर बेट, मग घारापुरीचा डोंगर. लाँच रद्द झालीच, तर नेरूळहून उरणची लोकल आहे, 12 जानेवारी 2024 पासून ती थेट उरणपर्यंत जाते.

मोऱ्याहून रिक्षाने उरण. बाजारात नाश्ता उरका, फार रेंगाळू नका, कारण करंजा-रेवस तर भरतीतच गाठायची आहे. करंजाला मासेमारीच्या बोटी आणि सुकत घातलेली जाळी बघत धक्क्यावर जा. धरमतर खाडी पंधरा-वीस मिनिटांत ओलांडली जाते. चढताना खलाशी हात देतो तो घ्या. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि चपला तिथेच घसरतात.

रेवसहून एसटी किंवा विक्रमने (मोठ्या शेअर रिक्षाने) अलिबाग, साधारण तासाभराचा रस्ता. वाटेत मापगावला कनकेश्वर आहे, पण सातशेहून जास्त पायऱ्या आहेत. कनकेश्वर आणि किल्ला एकाच दिवशी करायचा हट्ट धरू नका.

किल्ल्याकडे पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत किनाऱ्यावर या. इथेच माणसं चुकतात. गणपतीचं दर्शन घेऊन, चारी बाजूंना खारं पाणी असताना आत गोडं पाणी कसं म्हणून विहिरीपाशी घोटाळत बसतात, तोवर वाट बुडते. भरती हळू चढते असं वाटतं, पण सपाट वाळूवर ती बाजूने, मागून येते. पाणी गुडघ्याच्या वर दिसलं तर चालू नका, होडी घ्या.

परतीला मांडवा. तिकडे भरतीची चिंता कमी, शेवटच्या बोटीची जास्त. तिची वेळ सकाळीच विचारून घ्या. त्रयोदशीला किल्ला उरकेपर्यंत पाच वाजतात, तेव्हा मुक्काम केलेलाच बरा. एका दिवसात परतायचं तर द्वादशी निवडा. बोटकंपनीच्या तिकिटात बहुधा अलिबाग-मांडवा बस धरलेली असते, मात्र ती त्याच कंपनीच्या बोटीला जोडलेली, म्हणून तिकीट अलिबागलाच काढा.

पावसाळ्यात गेटवेची बोट बंद असते आणि किल्ल्यावर चालत जायचं नाव काढू नये. बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की मोऱ्याची लाँचही थांबते.