पाच दिवसांची स्कूबा सहल: ठाणे-नवी मुंबईकरांनो, या चुका टाळा

स्कूबाला, म्हणजे पाठीला हवेचं सिलिंडर लावून समुद्रात डायव्ह करायला, जायचं ठरलं की बहुतेक जण आधी विमानाची तिकिटं काढतात, मग हॉटेल बघतात आणि डायव्हचं तिथे गेल्यावर बघू म्हणतात. दोन आठवड्यांची सुट्टी असेल तर हे चालून जातं. चार-पाच दिवसांत जाऊन यायचं असेल तर मात्र अंदमान असो, लक्षद्वीप असो, कर्नाटकातलं नेत्राणी बेट असो की आपलं मालवण, आखणी परतीच्या वेळेपासून मागे मोजत करायला हवी.

परतीच्या विमानाच्या अगदी आधीपर्यंत डायव्ह

पाण्याखाली दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात, पेशींत विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश, श्वासावाटे निघून जातो. विमानाच्या केबिनमध्ये मात्र हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितकाच ठेवलेला असतो. शरीरातला नायट्रोजन पुरता निघण्याआधी तिथे पोचलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणं, हातपाय बधिर होणं इथपासून पाय लुळे पडण्यापर्यंत त्याचे परिणाम होतात. हाच डीकम्प्रेशन सिकनेस.

म्हणून एकच साधा डायव्ह केला असेल तर विमानाआधी किमान १२ तास आणि एकाहून जास्त डायव्ह किंवा सलग दिवस डायव्ह केले असतील तर किमान १८ तास थांबायचं, असा सर्वमान्य सल्ला आहे. मी २४ तास धरते आणि ओळखीतल्या सगळ्यांना तेच सांगते.

आता हे अंदमानच्या पाच दिवसांत बसवून बघा. ठाण्यातून पहाटे निघालात तरी पोर्ट ब्लेअरला (अधिकृत नाव आता श्री विजयपुरम) पोचेपर्यंत दुपार होऊ शकते, वाटेत चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलायचं असेल तर नक्कीच. हॅवलॉकच्या म्हणजे स्वराज द्वीपच्या बोटी दुपारनंतर कमी होतात. बोट चुकली की पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीने हॅवलॉक, दुपारी जमला तर एक डायव्ह. तिसरा दिवस पूर्ण पाण्यात. चौथा दिवस कोरडा: राधानगरचा किनारा बघा, परत या, सेल्युलर जेल बघा. पाचव्या दिवशी विमान. म्हणजे पाच दिवसांत पाण्याचे दिवस धड दोनही नाहीत. हे आधी कळलं तर माणूस सहावा दिवस जोडतो किंवा हॅवलॉकशेजारचं नील बेट यादीतून काढतो. नंतर कळलं तर चौथ्या दिवशी संध्याकाळी डायव्ह आणि पाचव्या दिवशी सकाळी विमान असा हट्ट सुरू होतो. ऐरोलीच्या एका ओळखीच्या जोडप्याचं हेच झालं. तिथल्या इन्स्ट्रक्टरने त्यांना शेवटचा डायव्ह करू दिला नाही आणि त्याने बरोबरच केलं.

तिकीट काढताना विमान मुंबईहून आहे की नवी मुंबईहून, हेही नीट वाचा. जाताना एक विमानतळ आणि येताना दुसरा निघाला, तर पार्किंगमध्ये ठेवलेल्या गाडीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो.

मालवणला गाडीने जाणाऱ्यांना हा नियम आपल्यासाठी नाही असं वाटतं. परतीचा रस्ता किनाऱ्यालगतचा, मुंबई-गोवा महामार्गाचा असेल तर फारसं अडत नाही. पण कित्येक जण येताना आंबोलीमार्गे कोल्हापूर, पुणे, लोणावळा असे येतात. आंबोली दोन हजार फुटांच्या वर आहे, लोणावळाही त्याच उंचीच्या आसपास. विमानाचा नियम साधारण दोन हजार फुटांपासूनच लागू धरतात. पाच-सहा मीटरवर वीस मिनिटं राहून आलेल्याला यात धोका फार कमी, पण दोन-तीन दिवस खोल डायव्ह केले असतील तर त्याच दुपारी घाट चढू नका. कुडाळहून कोकण रेल्वेने थेट पनवेल किंवा ठाण्याला उतरणं मला सगळ्यात पसंत.

सुट्टी बघितली, तिथी बघितलीच नाही

पाणी नितळ मिळणार की गढूळ, प्रवाह शांत की ओढून नेणारा, हे बऱ्याच अंशी चंद्रावर ठरतं. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, त्यामुळे प्रवाह जोराचे होतात आणि तळाचा गाळ वर येतो. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांगाची भरती. तेव्हा पाण्याचा चढ-उतार सर्वात कमी. चेंदणी कोळीवाड्यात कुणालाही विचारा, हे तोंडपाठ असतं. आपण डायव्हला जाताना मात्र फक्त ऑफिसच्या सुट्ट्यांची यादी उघडतो.

आपल्या मोठ्या सुट्ट्या नेमक्या उधाणावर येतात. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे भाऊबीज उरकून निघालेला माणूस ऐन उधाणात पाण्यात उतरतो. होळी पौर्णिमेला, धुळवड दुसऱ्या दिवशी. गुढीपाडवा पुन्हा अमावास्येला लागूनच. त्याऐवजी भाऊबीजेनंतर आठवडाभर थांबा आणि तुलसी विवाहाच्या आत जाऊन या, किंवा रंगपंचमीनंतर दोन-तीन दिवसांनी निघा. विमानभाडंही तेव्हा उतरलेलं असतं. नाताळच्या सुट्टीचं दरवर्षी वेगळं, तेव्हा कालनिर्णय काढून अष्टमी कधी आहे ते बघा.

उधाणात डायव्ह होतच नाहीत असं नाही. आडोशाच्या जागा असतात आणि अनुभवी डायव्हरला प्रवाहात मजाही येते. पण पहिल्यांदा उतरणाऱ्याला, आणि मालवणसारख्या मुळात गाळ असलेल्या किनाऱ्यावर, या फरकाने सगळा अनुभव बदलतो.

ऋतूचं थोडक्यात: पावसाळ्यात मालवण आणि नेत्राणी बंद. अंदमानात मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस पोचतो, त्यामुळे शाळांच्या सुट्टीतला शेवटचा आठवडा तिथे भरवशाचा नाही. नोव्हेंबर ते मार्च हा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो.

अर्धी सहल वर्गात आणि तरणतलावात घालवणं

पॅकेजमधला ‘स्कूबा’ बहुधा ट्राय डायव्ह असतो: इन्स्ट्रक्टर धरून नेतो, जास्तीत जास्त १२ मीटरची मर्यादा, आणि पुन्हा स्वतःहून डायव्ह करण्याचा परवाना मिळत नाही. एकदा बघायचंय एवढीच इच्छा असेल तर तो उत्तम. प्रवाळ खरोखर निवांत बघायचं असेल तर ओपन वॉटरचा, म्हणजे परवाना देणारा पहिल्या पायरीचा कोर्स करा. त्याने १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाता येतं.

हा कोर्स तीन-चार दिवसांचा. त्यातले समुद्रातले डायव्ह चारच, बाकी वेळ अभ्यास आणि तलावातला सराव. तो भाग हॅवलॉकला जाऊन कशाला करायचा? अभ्यास आता ऑनलाइन होतो, घोडबंदर ते दादर प्रवासात फोनवर वाचून संपतो. तलावातली सत्रं मुंबई परिसरातल्या प्रशिक्षकांकडे शनिवार-रविवारी उरकता येतात. ते पूर्ण झाल्याचं पत्र घेऊन गेलात की तिथे फक्त समुद्र उरतो. जिथे जायचं त्या केंद्राला हे पत्र चालेल का, ते आधी विचारून घ्या.

कोर्सला २०० मीटर न थांबता पोहायचं असतं, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं तरंगायचं. महिनाभर आधी ठाण्याच्या मारोतराव शिंदे तरणतलावात किंवा घराजवळच्या कुठल्याही तलावात जायला लागलात की हे जमतं.

फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’

डायव्हआधी तब्येतीचा फॉर्म भरायचा असतो. दमा, हृदयविकार, फिट, मधुमेह, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, चालू औषधं. एका जरी ठिकाणी ‘हो’ आलं तर बहुधा डॉक्टरची सही लागते, आणि बेटावर डॉक्टर शोधण्यात एक दिवस जातो. म्हणून लोक सगळीकडे ‘नाही’ लिहितात. कृपा करून असं करू नका. दमा असलेल्या माणसाच्या फुप्फुसात पाण्याखाली हवा अडकली तर वर येताना ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. फॉर्म आधीच मागवा, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा आणि सही घेऊन निघा. त्यांनी नको म्हटलं तर स्नॉर्केलिंग (पाण्यावर तरंगत, नळीने श्वास घेत खाली बघणं) चालेल का, तेही त्यांनाच विचारा. उथळ पाण्यातलं प्रवाळही बघण्यासारखं असतं.

प्रवास विम्यात स्कूबा वगळलेला आहे का, तेही त्याच आठवड्यात वाचून घ्या. पुष्कळदा असतो.

पाण्यात अडलं तर

*कान दुखतायत.* पहिल्या दहा मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, म्हणून सगळा त्रास वरच्या थरातच. नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं, ते पहिल्या मीटरपासून आणि दुखायच्या आधी. दुखलंच तर इशारा करा, थोडं वर या, पुन्हा फुंका. जोर लावू नका, पडदा फाटतो. सर्दी असेल तर उतरूच नका. नाकात थेंब टाकून उतरणाऱ्यांचा त्रास बहुधा वर येताना होतो: औषधाचा असर संपतो आणि हवा आत कोंडते.

*मास्कमध्ये पाणी येतंय.* कडेखाली केस अडकलेत का बघा. दाट मिशी हेही नेहमीचं कारण. पट्टा आवळला की उलट जास्त गळतं, तो सैल करा. मास्क नवा असेल तर काचेवर कारखान्यातला थर असतो आणि त्यामुळे धुकं धरतं. घरीच पांढऱ्या टूथपेस्टने आतून तीन-चारदा घासून न्या. चष्मा मास्कच्या आत बसत नाही. नंबरची काच असलेला मास्क आहे का, ते आठवडाभर आधी विचारा.

*सिलिंडर ठीक आहे ना?* भरलेल्या सिलिंडरचा काटा २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास असतो. काट्याकडे बघत दोन-तीन खोल श्वास घ्या. श्वासाबरोबर काटा खाली-वर झाला तर झडप पूर्ण उघडलेली नाही, लगेच सांगा. हवेला तेलकट वास आला तर सिलिंडर बदलून मागा. संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

*फोटोसाठी श्वास रोखणं.* हे कधीही नाही. श्वास रोखून थोडंसं वर आलात तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. बुडबुडे फोटोत आले तर येऊ द्या.

*बोटीत मळमळतंय.* आदल्या रात्री दारू टाळा, सकाळी दोन इडल्या किंवा थोडे पोहे खा, उपाशी जाऊ नका. बोटीच्या मध्यावर बसून क्षितिजाकडे बघा. गोळी घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांनी झोप येते.

लक्षद्वीपचं तिकीट आधी, परवाना नंतर

लक्षद्वीपला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो. तो हातात येईपर्यंत परत न मिळणाऱ्या पैशांची तिकिटं काढू नका. कोचीहून अगत्तीला जाणारी विमानं लहान असतात, सामानाची मर्यादा कमी. स्वतःचे फिन्स (पायात घालायची वल्ह्यासारखी पाती) न्यायचे असतील तर हे आधी बघा.

प्रवाळावर उभं राहणं

प्रवाळ हा जिवंत प्राण्यांचा समूह आहे आणि बऱ्याच जाती वर्षाला जेमतेम एखाद-दोन सेंटीमीटर वाढतात. तोल सावरायला टेकवलेला एक पाय कित्येक वर्षांची वाढ मोडतो. समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडण्याचे मोठे प्रसंग १९९८, २०१० आणि २०१६ साली आपल्याकडे झाले, २०२४ मध्ये लक्षद्वीपला पुन्हा झाला. त्यातून जे वाचलंय त्याला आपल्या फिन्सचा धक्का नको. तोल राहत नसेल तर प्रवाळापासून लांब, वाळूवर सराव मागा. सनस्क्रीन थापण्याऐवजी लांब बाह्यांचा रॅश गार्ड (अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा शर्ट) घाला. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा वाळका तुकडाही उचलू नका: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे, आणि असा तुकडा बॅगेत सापडला तर तो गुन्हा ठरतो.

घरी आल्यावरचं दुखणं अंगावर काढणं

डीकम्प्रेशन सिकनेसची लक्षणं बहुतेक वेळा २४ तासांच्या आत दिसतात, म्हणजे तुम्ही तेव्हा ठाण्यात किंवा बेलापूरला घरी असू शकता. खांदा किंवा कोपर ठणकणं, मुंग्या येणं, अंगावर जाळीसारखे चट्टे, चालताना तोल जाणं, लघवी अडणं. प्रवासाचा शीण म्हणून झोपून राहू नका आणि मालिश करत बसू नका. लगेच मोठ्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जा, ऑक्सिजन लावायला सांगा आणि ‘मी स्कूबा डायव्हिंग करून आलोय, शेवटचा डायव्ह अमुक वाजता, इतका खोल’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. आपल्याकडच्या डॉक्टरांना असा पेशंट क्वचितच दिसतो, म्हणून हे सांगावंच लागतं. रीकम्प्रेशन चेंबरपर्यंत (जिथे पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करतात) जितक्या लवकर पोचाल तितकं बरं होण्याची शक्यता जास्त. प्रत्येक डायव्हची वेळ आणि खोली फोनमध्ये लिहून ठेवा, म्हणजे तेव्हा आठवत बसावं लागणार नाही.