विश्वस्ताने ट्रस्टचा पैसा खाल्ला तर लाभार्थीने काय करावं

आधी हिशोब मागा, आरोप नंतर. दिवाणी कोर्टात मी लाभार्थींच्या बाजूने उभी राहते आणि पहिल्याच भेटीत हे सांगते. रागाच्या भरात पत्र धाडलं की विश्वस्त सावध होतो आणि कागद गहाळ व्हायला लागतात.

खासगी ट्रस्टला, म्हणजे कुटुंबासारख्या ठरावीक लाभार्थींसाठी केलेल्या ट्रस्टला, भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो. कलम १९ प्रमाणे विश्वस्ताने चोख हिशोब ठेवायचा आणि तुम्ही मागितल्यावर मालमत्तेची पूर्ण माहिती द्यायची. कलम ५७ खाली ट्रस्ट डीड (ट्रस्ट स्थापन करणारा दस्त), मालकीचे कागद, हिशोब आणि व्हाउचर (खर्चाच्या पावत्या) तपासता येतात, नकला घेता येतात. मागणी लेखी करा, पोचपावतीसह. उत्तर आलं नाही तर ते मौनही कोर्टापुढे ठेवता येतं.

कागद मिळाले की बेरजा तपासण्यात दिवस घालवू नका. बेरजा बहुतेक वेळा बरोबरच असतात! एकेक व्हाउचर उलटून पाहा. दुरुस्तीचं बिल कुणाचं आहे, त्याच तारखेला बँकेच्या उताऱ्यात ती रक्कम नेमकी कुणाच्या खात्यात गेली? भाडेकरार कुणाच्या नावे आहे? विश्वस्ताचा मेव्हणा वर्षानुवर्षं जुन्याच भाड्यात राहत असेल, तर जमाखर्च पैशापैशाला जुळूनही ट्रस्ट लुटला जात असतो.

विक्रीची बोलणी चालू असल्याचं कळलं, तर थांबू नका. दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज द्या. गरज पडल्यास रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस, मागा. एकदा मालमत्ता अशा माणसाकडे गेली, ज्याने पूर्ण मोबदला दिला आणि ज्याला ट्रस्टची कल्पनाच नव्हती, तर कलम ६४ त्याला संरक्षण देतं. मग तुमच्या हाती विश्वस्ताकडची भरपाईच उरते. विश्वस्ताने गैरमार्गाने मालमत्ता स्वतःच विकत घेतली असेल, तर कलम ६२ खाली ती परत मागता येते.

भरपाईचा आधार कलम २३. इथे विश्वस्त हमखास म्हणतो, ‘दुसरीकडे फायदाही करून दिलाय की.’ एका गैरव्यवहारातला तोटा दुसऱ्या गैरव्यवहारातल्या नफ्यातून वळता करायला कलम २४ मनाई करतं.

त्याच कलम २३ मध्ये तुमच्यासाठी धोकाही आहे. सगळं ठाऊक असताना, कुठलाही दबाव नसताना तुम्ही संमती दिली असेल, तर भरपाईचा हक्क जातो. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी पुढे केलेल्या ‘नुसत्या’ संमतीपत्रावर, कितीही भीड पडली तरी, वाचल्याशिवाय सही करू नका. फार पोटतिडकीने सांगते आहे, कारण चांगले दावे इथेच अडकतात.

खूप वर्षं झाली म्हणून हातपाय गाळू नका. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १० मुळे, विशिष्ट उद्देशाने मालमत्ता सोपवलेल्या विश्वस्ताकडून ती वा तिचा हिशोब मागायला मुदतीची आडकाठी नाही. मोबदला देऊन घेणाऱ्या तिऱ्हाइताविरुद्ध मात्र मुदत आहे.

डीडमध्ये लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी पंचाकडे न्यायचं, कलम असलं तरी बिचकू नका. ट्रस्ट डीडमधून उद्भवणारे असे वाद लवादाकडे जात नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवलं आहे. पैसे सरळ लाटले असतील, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी तक्रारही होते. पण पैसे परत मिळवण्यासाठी दिवाणी दावा हवाच.

देवस्थान किंवा शिक्षणसंस्थेसारखा सार्वजनिक ट्रस्ट असेल, तर महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम बघावा लागतो. त्याच्या कलम ४१-ड खाली धर्मादाय आयुक्त विश्वस्ताला निलंबित किंवा बडतर्फ करू शकतात, आणि ट्रस्टशी हितसंबंध असलेली कुणीही व्यक्ती तसा अर्ज देऊ शकते.