बदली होऊन कोकणात आलात? मतदार यादीतलं नावही सोबत आणा

दर जूनला बीड, लातूर, नांदेडकडची चार-दोन पोरं आमच्या भागात शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी म्हणून रुजू होतात. खोली, गॅस, भाकरीची ज्वारी कुठे मिळते, सगळं विचारतात. मतदार यादीचं कुणी विचारत नाही. ते आठवतं निवडणूक लागल्यावर. मी 2009 साली अंबाजोगाईकडून गुहागर तालुक्यात आलो, तेव्हा मीही विचारलं नव्हतं.

माझ्याकडून काय चुकलं ते आधी ऐका. एप्रिल 2014 मध्ये लोकसभेचं मतदान होतं. मी इथे केंद्रावर ड्यूटीला, नाव गावाकडच्या यादीत, आणि टपाली मतपत्रिकेचा अर्ज मी दिलेला नव्हता. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लागत होती, माझं बोट कोरं राहिलं. त्याच रात्री ठरवलं, नाव इकडे आणायचं. घाईघाईने गावाकडे नमुना 7 भरून नाव वगळायला लावलं, महिनाअखेर इथे नाव नोंदवायला नमुना 6 दिला आणि शाळा सुटताच घराला कुलूप लावून गावी गेलो. मे महिन्यात बीएलओ, म्हणजे आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारे कर्मचारी, चौकशीला आले. शेजारच्या काकी म्हणाल्या, "गुरुजी गावाला गेलेत, आता जूनलाच येतील." पत्त्यावर आढळले नाहीत असा शेरा पडून अर्ज नामंजूर झाला. मला कळलं ते ऑक्टोबरमध्ये, 15 तारखेच्या विधानसभेसाठी यादी चाळताना. तिकडे नाव नाही, इकडेही नाही. ती सल अजून गेलेली नाही.

म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो : आधी नाव वगळायला जाऊ नका. आता त्याची गरजच नाही. ऑगस्ट 2022 पासून स्थलांतरासाठी नमुना 8 आहे, मतदारसंघ तोच असो वा दुसरा. त्यात जुना इपिक (मतदार ओळखपत्राचा) नंबर आणि नवा पत्ता द्यायचा. जुन्या जागेचं नाव यंत्रणाच काढते. नमुना 6 फक्त ज्याचं नाव आजवर कुठल्याच यादीत नाही त्याच्यासाठी. "नवीन म्हणून भरून टाक, लवकर होतं," असं सांगणारे आपलेच लोक भेटतील. ऐकू नका. दोन ठिकाणी नाव ठेवायला 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मनाई आहे आणि खोट्या प्रतिज्ञेला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरकारी नोकराने तर हा धोका पत्करूच नये.

ग्रामपंचायतीत नुसता "नमुना आठ" मागितलात तर घराच्या आकारणीचा उतारा हातात पडेल. तोही नमुना 8च. आपला अर्ज तहसील कचेरीच्या निवडणूक शाखेत, बीएलओकडे किंवा निवडणूक आयोगाच्या ॲपवर मिळतो. अडलं तर 1950 वर फोन करा.

पत्त्याच्या पुराव्यावर मात्र घोडं अडतं. इथली माणसं प्रेमळ आहेत, फणस-आंबे दारात आणून ठेवतील, पण घराचा पत्ता कागदावर द्यायचं म्हटलं की गप्प होतात. यामागे कुळकायद्याची जुनी भीती आहे. भाडेकरूचं नाव एकदा कागदाला लागलं की कूळ लागलं, असं घरमालकांना मनापासून वाटतं. त्यांच्याशी वाद घालू नका. माझ्या घरमालक तात्यांना मी ओटीवर बसवून मतदार यादीचं पान दाखवलं : नाव, वडिलांचं नाव, घर क्रमांक, वय. मालकी किंवा हक्काचा रकानाच नाही. तात्या दोनदा चष्मा पुसून वाचत बसले आणि मग म्हणाले, "भर तुझा अर्ज." आधारवर इथला पत्ता असेल तर तोही चालतो, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुकही चालतं. भाडेकरार द्यायचा तर तो नोंदणीकृत हवा. पत्त्यात वाडीचं नाव न विसरता लिहा; नुसत्या गावावर इथे कुणी सापडत नाही.

तालुका बदलला तरी अर्ज करावा लागतो. दापोली आणि गुहागर हे विधानसभा मतदारसंघ रत्नागिरी जिल्ह्यात असूनही लोकसभेला रायगडात मोडतात, तर चिपळूण, रत्नागिरी, राजापूर रत्नागिरी-सिंधुदुर्गात. मी गुहागरहून चिपळूणला आलो तेव्हा माझा खासदारही बदलला.

आपल्या लोकांबद्दल एक बोलतो, राग मानू नका. बरेच जण नाव गावाकडेच ठेवतात, कारण भावकीची ग्रामपंचायत एकेका मतावर फिरते आणि भाऊ गाडी पाठवतो. मी तो ताण सोसला आहे. पण कायदा सर्वसाधारण रहिवास बघतो. गावात घर-शेत आहे एवढ्यावर तिथला मतदार होता येत नाही. मुंबईच्या चाकरमान्यांची नावं इथल्या यादीत कशी, असं तुम्हीच विचारता ना? मग आपलंही तेच. एप्रिल-मेमध्ये इथल्या वाड्यांवर टँकरची वाट तुमची बायको बघते, पोरं इथल्या शाळेत आहेत. मत इथेच द्या.

जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायतीला ठरलेल्या तारखेची विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. ती तारीख गेल्यावर धावपळ करून उपयोग नाही. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवं नाव जात नाही, आणि हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणून त्या मुदतीच्या दहा दिवस आधीपर्यंत अर्ज पोचलेला हवा.

विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, तिथे पुन्हा नमुना 18 भरायचा. प्राथमिक शिक्षकांना शिक्षक मतदारसंघात मत नाही, पदवी असेल तर पदवीधरमध्ये आहे.

ओळखपत्र खिशात आहे म्हणजे नाव यादीत आहे असं नाही. यादी बघा.

अर्ज जून-जुलैत करा, पोच जपून ठेवा. बीएलओ बहुधा अंगणवाडीच्या ताई किंवा शेजारच्या शाळेतले शिक्षकच असतात. त्यांना भेटून आपला आणि शेजाऱ्यांचा फोन नंबर द्या, सुट्टीला कधी जाणार तेही सांगा. कागद मात्र माळ्यावर ठेवा. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरात माझी खाटेखालची पेटी चिखलाने भरली होती. ओळखपत्राची दुसरी प्रत मला मिळाली, दहावीच्या गुणपत्रिकेसाठी मात्र बोर्डात हेलपाटे घालावे लागले.