गाव सांगा, पत्ता नको

"कढीपत्त्याची पानं पिवळी पडतायत, काय करू?" बागकामाच्या ग्रुपवर एवढंच विचारलं की दहा जणांचे दहा सल्ले येतात. त्यांचा तरी काय दोष? रत्नागिरीत जुलैमध्ये पान पिवळं पडलं तर बहुधा कुंडीत पाणी साचलेलं असतं. चंद्रपुरात मे महिन्यात तेच पान उन्हाने आणि तहानेने पिवळं पडतं.

म्हणून गाव आणि बाल्कनीची दिशा लिहाच. आपल्याकडे उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन जवळपास येतच नाही, मे-जूनमध्ये मात्र सकाळ-संध्याकाळ तिरपं आत शिरतं. पाणी नळाचं की बोअरचं, हे लोक हमखास विसरतात. बोअरच्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात आणि शिव्या बिचारं खत खातं! तुम्ही नवखे असाल तर तेही बिनधास्त सांगा, म्हणजे उत्तर देणारा छाटणीपासून समजावतो.

वय, नोकरी, फ्लॅट नंबर यांचा झाडाशी काही संबंध नाही. गावाला गेल्यावर कुंड्यांना पाणी कसं पुरवायचं, हे जरूर विचारा, पण जाण्याच्या तारखा टाकू नका. घर कधी बंद असणार हे सगळ्यांना कशाला कळायला हवं? फोटोत मागे सोसायटीची पाटी दिसत असेल तर कातरून टाका. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ठिकाणाची नोंद त्यात तशीच राहू शकते. कोणी कलम द्यायला तयार झालं, तर घरी न बोलावता नाक्यावर भेटा.